मोहटोलीची जपानी बाई

इतवारी निमगडे गेले त्याच आठवड्यात मोहटोलीहून गुणवंतराव आले. चंद्रपूरच्या घरातली माणसांची वर्दळ तोवर ओसरली होती. खेमा वडिलांचे जुने चष्मे एका डब्यात भरत होती. माणूस गेल्यावर त्याच्या कपड्यांचं काय करायचं हे चार जण सांगतात, चष्म्यांचं कोणी सांगत नाही.

गुणवंतरावांनी दारातच चपला काढल्या. ऐंशीच्या घरातला, एके काळी उंच असलेला आणि आता कमरेतून वाकलेला माणूस. पांढरा सदरा आणि खांद्यावर दुपट्टा. मोहटोलीच्या विहार समितीचे ते गेली तीस वर्षं अध्यक्ष होते. इतवारींचे दूरच्या नात्याने काका लागत, म्हणून खेमा त्यांना आबाजी म्हणे. म्हणे, म्हणजे लहानपणी. अलीकडच्या बारा वर्षांत त्यांना काही म्हणायची वेळच आली नव्हती.

"तुही माय कुठी हाय?"

"आत आहे. जरा पडली आहे."

"पडू दे." ते खुर्ची सोडून खाली सतरंजीवर बसले. पाण्याचा पेला संपवला, पालथा ठेवला. "पुण्यानुमोदन कुठी करून राह्यले?"

"इथेच. कॉलेजच्या सभागृहात श्रद्धांजलीची सभा ठेवलीये."

"मोहटोलीले काऊन नाई?"

खेमाने चष्म्याच्या डब्याला झाकण लावलं. त्याचं कारण तिला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं, आणि दोघांनाही ते माहीत आहे हेही दोघांना ठाऊक होतं.

"बरं," गुणवंतराव म्हणाले. "दुसरं काम सांगतो. विहाराले रंग माराचा हाय. भिंतीवरचं सारं खाली काढाचं, मंग परत लावाचं. थे एक हाय ना, जपानची तसबीर. थे परत लावाची का नाई? बारा वर्षं कोनाची हिंमत नाई झाली ठरवाची. आता इतवारी गेला. वारस तू हायस. तू सांग."

ती तसबीर अजून भिंतीवर असेल, असं खेमाला वाटलं नव्हतं.

*

इतवारी रविवारी जन्मले म्हणून इतवारी. त्यांचे वडील झिंगू गावातली मेलेली ढोरं ओढायचे. छप्पन्न साली चंद्रपूरला दीक्षेचा सोहळा झाला, तेव्हा झिंगूंनी आठ वर्षांच्या पोराला अर्धी वाट खांद्यावर, अर्धी वाट चालवत तिकडे नेलं. परत आल्यावर पाटलाचा बैल मेला तर ते गेले नाहीत. तो बैल बांधावर तसाच कुजला. पाटलाचं बोलावणं तीनदा आलं आणि त्या हंगामात निमगड्यांना गावात कोणी काम दिलं नाही. इतवारींना दीक्षेच्या सोहळ्यातली गर्दी अंधूकच आठवे. त्या बैलाचा वास मात्र शेवटपर्यंत आठवत होता.

नागपूरला एम. ए. करत असताना त्यांच्या वसतिगृहात एक जपानी पाहुणा आला. बौद्ध देशातला माणूस, म्हणून सगळे दाटीवाटीने बसले. इतवारींनी विचारलं, "तुमच्याकडे जाती असतात का?" पाहुणा म्हणाला, नाही. पण ते म्हणण्याआधी तो जरा थांबला. बाकीच्यांनी 'नाही' ऐकलं आणि टाळ्या वाजवल्या. इतवारींनी ते थांबणं ऐकलं, आणि पुढची पस्तीस वर्षं ते त्याच्यामागे गेले.

चंद्रपूरच्या कॉलेजात इतिहास शिकवत, आधी टपालाने आणि मग नागपूरच्या एका संध्याकाळच्या वर्गात ते जपानी शिकले. जपानात कातडं कमावणाऱ्यांच्या वेगळ्या वस्त्या होत्या. त्यांच्या हातचं कातडं ढोलाला, चिलखताला, खोगिराला चाले, पण त्यांचा हात चालत नसे. या वस्त्यांच्या सामाजिक इतिहासावर इतवारींनी प्रबंध लिहिला. तोंडी परीक्षेला एका विद्वानाने विचारलं, "निमगडे, तुम्ही तुमच्या लोकांवर का नाही लिहीत?" इतवारी म्हणाले, "सर, त्यांच्यावरच तर लिहिलंय." पदवी मिळाली. पण हे उत्तर उद्धटपणाचं ठरलं आणि विद्यापीठातली जागा पुढे दोनदा हुकली.

शिकवण्याची त्यांची एक तऱ्हा होती. कोणताही विषय असो, ते अगदी पहिल्यापासून सुरू करत. जपानचा विषय निघाला की सोळाशेतीन सालापासून, म्हणजे तिथे नवी लष्करी राजवट बसली तिथपासून. मुलांनी त्यांचं नाव 'सोळाशे सर' ठेवलं होतं. निष्कर्ष आधी सांगणं त्यांना हलकेपणाचं वाटे. "आधी पुरावा, मग निकाल. आधी निकाल सांगणारा तो वकील." घरीही तेच. गॅसचं सिलिंडर आलं का, एवढं आईने विचारलं तरी सकाळी एजन्सीत फोन कोणी उचलला इथपासून सुरुवात होई. "अहो, आलं की नाही तेवढं सांगा," आई म्हणायची. "तिथेच येतोय," ते म्हणायचे.

एक्क्याण्णव साली त्यांना जपानात जायला वर्षभराची शिष्यवृत्ती मिळाली. नागानोच्या डोंगरातल्या एका गावात, एका घरच्यांची परवानगी घेऊन, त्यांनी एका जुन्या थडग्याच्या दगडाचा ठसा घेतला. पातळ ओला कागद दगडावर चिकटवायचा, वरून शाईची गादी हलकेच थोपटायची; कागद काळा होतो आणि कोरलेली अक्षरं पांढरी उमटतात. तो ठसा त्यांनी इतर कागदांबरोबर नळीत घालून घरी टपालाने पाठवला. आई त्या उन्हाळ्यात चंद्रपूरचं घर बंद करून मोहटोलीला सासूजवळ राहत होती, म्हणून पत्ता मोहटोलीचा टाकला. सोबत चिठ्ठी नव्हती. कागद जपून ठेवा म्हणून घरच्यांना सांगावं लागतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

नळी उघडली गिरजाबाईंनी, म्हणजे खेमाच्या आजीने. छापील कागद त्यांनी बाजूला ठेवले. हा एक लांब, काळाभोर, त्यावर उभी पांढरी अक्षरं, खाली कमळाची पाकळी. पोरगा बुद्धाच्या देशात गेला आहे, तिथून त्याने हे धाडलं आहे, मग हे काय असणार? त्या तडक मुखरू सुताराकडे गेल्या. मुखरूने सागाची चौकट केली, सावलीच्या बाजारातून काच आणली. पुढच्या पौर्णिमेला तसबीर विहारात लागली, बुद्धमूर्तीच्या डाव्या हाताला. "माह्या इतवारीनं जपानच्या विहारातून धाडला," गिरजाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. रोज अंगणातल्या पिवळ्या कण्हेरीचं फूल त्या तिथे वाहत. लग्नं लागली, बारशी झाली. जोडप्यांनी बुद्धाला, बाबासाहेबांना आणि त्या तसबिरीला हात जोडले.

इतवारी परतले आणि विहारात पाय ठेवताच दारात थबकले. त्या दगडावर कोरलेली दोन अक्षरं होती: जनावर, बाई.

*

त्र्याण्णवच्या वैशाख पौर्णिमेला त्यांनी विहारात व्याख्यान दिलं. खेमा तेव्हा नागपूरला शिकत होती, मुद्दाम आली होती, मागच्या ओळीत आईजवळ बसली होती. गिरजाबाई पुढे, पांढऱ्या लुगड्यात, सगळ्यांच्या मधोमध. पोरगा जपानहून आला होता. त्यांनी सगळ्या बायकांना स्वतः बोलावून आणलं होतं.

इतवारींनी हातात तुराटीची छडी घेतली आणि सोळाशेतीन सालापासून सुरुवात केली. लोकांनी सुरुवातीला छान ऐकलं. कातड्याचं आलं तेव्हा कोणीतरी म्हणालं, "हे तं आपल्यासारखंच झालं जी!" आणि हशा झाला. मग प्रत्येक घराण्याचं नाव एकेका देवळाच्या दप्तरात कसं लिहावं लागे ते आलं. माणूस मेला की तिथले भिक्खू त्याला नवं धर्मनाम देत, ते दगडावर कोरत. आणि खालच्या वस्तीतल्या माणसाला कोणतं नाव देत?

इतवारींनी तुराटी तसबिरीवर टेकवली. "याचा अर्थ आहे, जनावर-बाई."

इतवारी पुढचं वाक्य जुळवत होते, तेवढ्यात त्यांच्या शेजारी बसलेले गुणवंतराव उठले.

"बस झालं, मास्तर. बंद करा."

"गुणवंतकाका, माझं अर्धंच झालंय."

"अर्धंच पुरे."

मग एकच गलका झाला. विहारात उभं राहून धम्माले शिव्या देते. परदेशात जाऊन आला तं अक्कल शिकवून राह्यला. बुद्धाच्या देशात जात हाय म्हनते, मंग आमी इकडं काऊन आलो? इतवारींनी तुराटी भिंतीला टेकवून ठेवली, चष्मा काढून खिशात घातला आणि ते बाहेर पडले.

परतीच्या बसमध्ये त्यांनी उरलेलं अर्धं व्याख्यान पूर्ण केलं. ऐकायला आई होती, खेमा होती, आणि पुढच्या सीटखाली कोणाचीतरी पाय बांधलेली कोंबडी होती. त्या उरलेल्या अर्ध्यात, तसबीर काढा, असं कुठेही नव्हतं. उलटंच होतं.

"मग परत जाऊन सांगा ना," आई म्हणाली.

"मधेच थांबवलंय त्यांनी मला. बोलावलं तर जाईन."

खेमा म्हणाली, मी सांगू का? त्यावर ते म्हणाले, "माझं व्याख्यान मी निरोपाने पूर्ण करत नसतो."

पुढच्या बारा वर्षांत त्यांना ओसाकाचं बोलावणं दोनदा आलं. मोहटोलीचं आलं नाही. सत्त्याण्णव साली गिरजाबाई वारल्या. इतवारींनी गावात राहून सगळं केलं, पण ते विहाराची पायरी चढले नाहीत. लोकांनी ते पाहिलं. त्यांनी पाहिलं की लोकांनी पाहिलं. किडनीचं दुखणं लागल्यावर दवाखान्यात पडल्या पडल्या ते खेमाला जुनी व्याख्यानं ऐकवत. माजरीच्या खाणीतलं सर्व्हेचं काम आटोपून ती संध्याकाळच्या गाडीने येई. मोहटोलीचं व्याख्यान मात्र त्यांनी कधी घेतलं नाही. एकदा एवढंच म्हणाले, "ते लोक काय समजले असतील, कोण जाणे."

*

"तुम्ही त्यांना कधी बोलावलंच नाही," खेमा गुणवंतरावांना म्हणाली. आवाज चढू न देण्याची तिला सवय होती.

गुणवंतराव तिच्याकडे बघत राहिले. "बोलवाचं? घरच्या पोराले निवता द्या लागते का?"

"त्यांना लागत होता," आतल्या दारातून आई म्हणाली. ती कधी उठून आली ते कळलं नव्हतं. "मास्तर लोक असेच असतात, मामंजी. यांना बोलावणं पाहिजे, तुम्हाला येणं पाहिजे. बारा वर्षं दोघं आपापल्या ओट्यावर बसले."

"आमाले वाटे, पोरगा येईन. आज नाई तं पोर्णिमेले येईन. बुढी गेली तवा येईन. त्याचंच विहार हाय." गुणवंतरावांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. मग खेमाकडे वळून म्हणाले, "तू मागं बसली होतीस त्या दिवशी. तुले आजीची पाठ दिसे. मले तिचं तोंड दिसे."

खेमाने डबा खाली ठेवला.

"वर्षभर थे रोज फूल टाके तिथी. शंभर लोकायले सांगे, माह्या पोरानं धाडला. आन् पोरगा सगळ्याइच्या पुढं म्हनते, थे शिवी हाय. त्याचं लक्ष अक्षरावर. मी बुढीकडं पाहून राह्यलो होतो. तिच्या हातातलं फूल खाली पडलं, तिले समजलंबी नाई. म्हनून उठलो. धम्मासाठी नाई उठलो. धम्माले काय होते? धम्म अडीच हजार वर्षं टिकला. बुढी सत्तरची होती."

"हे बाबांना का नाही सांगितलंत?"

"कसं सांगू? तुह्या बोलन्यानं मायचं तोंड उतरलं, असं सांगू पोराले?" त्यांनी पालथा पेला बाजूला सारला. "त्यापरीस मी वाईट झालो थे बरं."

आईने चहा टाकला. खेमाने डबा उचलून कपाटात ठेवला, उगाच पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. या माणसाविषयी बारा वर्षं तिने एक मत बाळगलं होतं आणि ते चांगलं भक्कम, वापरून गुळगुळीत झालेलं मत होतं.

"त्या तसबिरीला अजून कोणी हार घालतं का, आबाजी?"

"नाई. घालालेबी हात होत नाई, काढालेबी होत नाई. झाडू मारनारी बाई चौकट पुसते, काच नाई पुसत."

खेमाने विचार केला तो थोडाच वेळ. "पुण्यानुमोदन मोहटोलीला करू. रविवारी. रंगाचं काम तोवर थांबवा, तसबीर होती तिथेच राहू द्या."

"बोलनार कोन?"

"मी. त्यांचं उरलेलं अर्धं."

निरोपाने नाही, एवढं तिने मनाशी म्हटलं. जाऊन.

आई चहाची बशी गुणवंतरावांच्या हातात देत म्हणाली, "फक्त सोळाशेपासून नको गं सुरू करू. पुन्हा मधेच थांबवतील."

*

रविवारी मोहटोलीत धानाची कापणी चालू होती, तरी विहार भरलं. इतवारींचा फोटो बुद्धासमोर टेबलावर ठेवला होता. तसबीर होती तिथेच होती. काच धुरकट झाली होती, मागून पाल गेलेली दिसत होती, आणि हारासाठी ठोकलेले दोन्ही खिळे गंजले होते. मुखरू सुतार तिच्याखालीच बसला होता. "चौकट पाहा बाई," तो खेमाला म्हणाला, "अजून सरळ हाय. साग हाय माहा."

त्रिशरण, पंचशील झालं. गुणवंतरावांनी तिला खूण केली.

खेमाला भाषणांची सवय नव्हती. खाणीचे नकाशे काढणाऱ्याला दिवसभर कोणाशी बोलावं लागत नाही. तिने खालच्या चेहऱ्यांकडे बघितलं, आणि वडिलांनी कधी केलं नसतं ते केलं. शेवटापासून सुरुवात केली.

"या तसबिरीला तुम्ही हार घालत होतात, ते चुकलं नव्हतं. माझ्या वडिलांना हेच सांगायचं होतं. त्यांच्या व्याख्यानाचा हा शेवट आहे."

कोणी उठलं नाही.

"हा एका बाईच्या थडग्याचा ठसा आहे. त्या दोन अक्षरांचा अर्थ बाबांनी सांगितला तोच आहे, तो खोटा नाही. तिच्या घरच्यांना वाचता येत नव्हतं. देवळाने नाव दिलं, त्यांनी ते विश्वासाने घेतलं आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या दगडापुढे फुलं ठेवली. पुढे त्यांची नातवंडं-पतवंडं शाळेत गेली, वाचायला शिकली आणि एक दिवस त्यांनी आपल्याच आजीचा दगड वाचला. ते देवळात गेले, भांडले. देवळाला माफी मागावी लागली, नवं नाव द्यावं लागलं. जुना दगड त्यांनी फोडू दिला नाही. पुरावा म्हणून कुंपणाच्या भिंतीशी उभा करून ठेवला. पण लाजेने त्याला कोणी फूल वाहीना. बाबा तिथे गेले तेव्हा त्या दगडापुढे काही नव्हतं."

तिने घोटभर पाणी घेतलं.

"आणि इथे परत आले, तर गिरजाबाईंनी तिला कण्हेरीचं फूल वाहिलेलं होतं. बाबा बसमध्ये म्हणाले होते, लिहिता-वाचता येणाऱ्यांनी तिला जनावर लिहिलं, आणि माझ्या आईने अक्षर न वाचता तिला मान दिला. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की हे समजून घ्या आणि मग तसबीर राहू द्या. पण ते शेवटी सांगायचं होतं. त्यांची पद्धतच तशी होती."

मग बायकांमधून एकीने विचारलं, "नवं नाव काय देल्लं तिले?"

"त्या घरच्यांनी बाबांना सांगितलं होतं, पण कुठे सांगायचं नाही या अटीवर. बाबांनी मलाही सांगितलं नाही."

"मंग आपन काय म्हनाचं?"

"बाई म्हन ना," दुसरी म्हणाली. "इथी सगळ्याइलेच बाई म्हनतात. तिनं काय घोडं मारलं?"

हसणं पसरलं, आणि पुढे बसलेल्या दोघी-तिघींनी हसता हसता डोळे पुसले. आईने मान खाली घातली होती. खेमाने वडिलांच्या फोटोकडे बघायचं टाळलं.

गुणवंतराव उठले. टेबलावरच्या ताटातलं झेंडूचं एक फूल उचलून ते भिंतीशी गेले, हात वर केला. तो हाराच्या खिळ्यांपर्यंत पोचेना.

"मुखरू," ते म्हणाले, "रंग झाल्यावर हे वीतभर खाली लाव. मले हात पुरत नाई."

"तुमीच वर लावा म्हनलं होतं तवा," मुखरू म्हणाला.

"तवा पुरे."

त्यांनी फूल चौकटीच्या खालच्या पट्टीवर ठेवलं. ते राहिलं. मग ते आपल्या जागी येऊन बसले, मांडी घातली, दुपट्टा सारखा केला.

"आता काही राह्यलं का, खेमाबाई?"

"राहिलंय, आबाजी. सुरुवात राहिलीये."

"मंग सांग. कापनी काय, उद्या करता येते."

टेबलाला टेकवलेली पताकेची काठी खेमाने हातात घेतली. काय करायचं तिचं ते तिला नक्की कळत नव्हतं, पण हात मोकळे नसलेले बरे वाटले.

"सोळाशेतीन साली," ती म्हणाली, आणि लोक सरसावून बसले.